दाखल्यावरचा एक शब्द : सुरगाण्याच्या सीमेवरून नाशिकला आलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

१२ सप्टेंबर २०२४ ची माझ्या हातची नोंद अशी आहे : ‘विद्यार्थिनी अबोल. मराठी कच्ची. हजेरी घसरते आहे. घरी लग्नाची बोलणी चालू असावीत.’

यातली पहिली दोन वाक्यं चुकीची होती. चौथं माझ्या मनातून आलेलं होतं, त्याला कसलाही आधार नव्हता. तिसरं खरं होतं, पण हजेरी का घसरते आहे हे मी तोवर कुणालाच विचारलं नव्हतं. ही नोंद ज्या फाईलमध्ये आहे ती आमच्या महाविद्यालयात प्रत्येक शिक्षकाला ठेवावी लागते. पंचवीसेक मुलं एकेकाकडे सोपवलेली असतात, त्यांची घरची परिस्थिती, अडचणी, गुण, हजेरी असं सगळं त्यात लिहायचं असतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पंधरा वर्षांत अशा कितीतरी फाईली भरल्या आहेत. या एका मुलीच्या फाईलने मला माझ्या बाकीच्या नोंदी पुन्हा वाचायला लावल्या, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा आणि काही तपशील मोघम ठेवले आहेत.

गाव इकडे, शाळा तिकडे

सुरगाणा तालुका नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला आहे. पलीकडे गुजरातचे डांग, नवसारी आणि वलसाड हे जिल्हे. नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव करत गेलं तर सुरगाणा सुमारे ९० किलोमीटर पडतं, आणि तिचं गाव त्याच्याही पुढे, जीपने. तिथून गुजरातेतलं वांसदा पाऊण तासावर आहे. म्हणून तिचा जन्म वांसद्याच्या दवाखान्यात झाला. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा ज्या बाजूचा रस्ता धड होता त्या बाजूला नेलं, इतकं साधं त्याचं कारण.

चौथीपर्यंत ती गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीत शिकली. पाचवीला मामाने डांगातल्या एका आश्रमशाळेत घातलं. राहणं, जेवण, पुस्तकं तिथेच. माध्यम गुजराती. दहावी गुजरात बोर्डाची. मग वडिलांना वाटलं की पुढचं शिक्षण आपल्या जिल्ह्यात व्हावं, म्हणून अकरावी-बारावी सुरगाणा तालुक्यात मराठी मुलांबरोबर, विज्ञान शाखेत. आणि २०२४ च्या जूनमध्ये नाशिकला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गात, जिथे पुस्तकं इंग्रजी आहेत.

घरी बोलतात ती कोकणा बोली. तिला ना मराठी म्हणून चालतं ना गुजराती म्हणून. १ मे १९६० ला मुंबई राज्याची विभागणी झाली तेव्हा डांग गुजरातकडे गेला आणि सुरगाणा महाराष्ट्रात राहिला. डांगची बोली मराठीकडची की गुजरातीकडची यावर त्याआधी बरीच वर्षं वाद झाला होता. माणसं मात्र दोन्हीकडे तीच राहिली. गावित, भोये, चौधरी, पवार, बागुल ही आडनावं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. डोंगऱ्यादेवाचं व्रत दोन्हीकडे धरतात, पावरी दोन्हीकडे वाजते, होळीला मामाच्या गावी जायचं तर कुणी राज्य ओलांडतो असं म्हणत नाही. २०२२ च्या अखेरीला सुरगाण्याच्या सीमेवरल्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातेत घ्या’ अशी मागणी केली, तेव्हा नाशिकमध्ये पुष्कळांना धक्का बसला होता. तिला मी नंतर कधीतरी याबद्दल विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं कुणी गुजरात चांगलं, महाराष्ट्र वाईट असं नाही म्हणत. तिकडचा रस्ता चांगला आहे, एवढंच म्हणतात.”

वर्गात काय दिसत होतं

नाशिकच्या महाविद्यालयातला एक वर्ग म्हणजे काय असतं हे बाहेरच्यांना पटकन लक्षात येत नाही. शहराचं बोलणं एक. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यातून आलेली मुलं घरी अहिराणी बोलतात. मालेगावहून उर्दू माध्यमातल्या मुली येतात. देवळाली कॅम्पातून सिंधी, पंजाबी घरांतली मुलं, सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांतून हिंदी बोलणारी. पेठ, हरसूल, सुरगाणा, इगतपुरीकडून आदिवासी मुलं. कँटीनमध्ये पाच बोली कानावर पडतात, आणि वर्गात शिरताच सगळी एकच भाषा बोलायला लागतात, किंवा गप्प बसतात.

ती गप्प बसणाऱ्यांत होती. खिडकीजवळचा शेवटून दुसरा बाक. प्रश्न विचारला तर उभी राहायची, खाली बघायची. बोलली तर ‘आहे’च्या जागी ‘आहा’ यायचं. वडिलांना ती ‘बाहास’ म्हणाली तेव्हा मागच्या बाकावरून हसू आलं. हसणाऱ्यांत एक सटाण्याकडचा मुलगा होता. त्याला त्याच्या आईने नाशिकला पाठवताना बजावलं होतं की तिथे अहिराणी बोलू नकोस, लोक हसतात. हे त्यानेच मला पुढे सांगितलं, मान खाली घालून.

दुसरी खूण तिचं माहितीपत्रक. ते मराठीत भरायचं असतं. तिने भरलेल्या कागदावर शब्दांना शिरोरेखा नव्हती. अक्षरं सुटी, टोकाशी किंचित वळलेली, डोक्यावर काही नाही. मी लाल पेनाने वर लिहिलं, ‘अक्षर अपूर्ण, सराव आवश्यक’. गुजराती लिपीत शिरोरेखा नसते हे मला माहीत होतं. लहानपणापासून नाशिकच्या मेनरोडवर गुजराती दुकानांच्या जुन्या पाट्या पाहिल्या आहेत. पण समोरच्या कागदाशी ते माहीत असणं मी जोडलं नाही. सहा वर्षं दुसऱ्या लिपीत लिहिलेला हात परत पहिल्या लिपीकडे आला आहे, हे त्या कागदावर उघड दिसत होतं. मला तिथे फक्त कच्चेपणा दिसला.

निदान ठरलं की उपाय सुचायला वेळ लागत नाही. भाषेची अडचण आहे म्हणून दोन मुली तिच्या सोबतीला दिल्या. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्धा तास बोलण्याचा सराव ठेवला. ती आली, ऐकलं, हसली, गेली. ऑगस्टच्या शेवटी अंजनेरीला सहल होती. तिथल्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदीलपुष्पाची जात आहे, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी. ती पाहायला आम्ही दर वर्षी मुलांना नेतो. वाटेवर या मुलीने चाई दाखवली, कुर्डू, टाकळा दाखवला. कशाचा मोहर भाजीला घेतात, कशाचा कंद किती वेळा उकळावा लागतो हे बरोबरच्या मुलींना सांगितलं. चाईचं शास्त्रीय नाव मी दिलं, डायोस्कोरिया पेंटाफायला, ते तिने वहीत उतरवलं. मला वाटलं, गाठ सुटली. सोमवारी वर्गात ती पुन्हा तशीच बसली. गाठ तिथे नव्हतीच.

सप्टेंबरात ती गुरुवार-शुक्रवार गायब होऊ लागली. कधी सोमवारही. वडिलांचा फोन लागत नव्हता. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम तिला ठाऊक आहे का, एवढंच मी एकदा विचारलं. “हो मॅडम,” म्हणाली. मग मी ती नोंद केली, लग्नाची.

प्लॅस्टिकची पिशवी

खरी गोष्ट मला आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांकडून कळली. ते हरसूलकडचे, निवृत्तीला आलेले. एका सकाळी मी तिची गैरहजेरी मांडत होते, तेव्हा टेबल पुसता पुसता म्हणाले, “मॅडम, ती पोर आळशी नाही हो. कागदामागं फिरू राहिली. माझ्याशी बोलते ना ती रोज.”

“रोज बोलते?”

“तास-तास बोलते. आमची बोली एकच पडते.”

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं, मामांनाही बसवलं. तिने दप्तरातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत कागद होते. जन्माचा दाखला गुजरातीत. आश्रमशाळा सोडल्याचा दाखला गुजरातीत. बारावीचा दाखला मराठीत. जातीचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारची प्रत, बँकेचं पासबुक, परत आलेल्या ऑनलाईन अर्जाची छापील प्रत. आणि तिने स्वतः लिहिलेल्या चार अर्जांच्या नकला, दोन मराठीत, दोन गुजरातीत. गुजराती अर्ज मला वाचता आले नाहीत. त्यांचे फोटो मी आमच्या सोसायटीतल्या शेजारच्या बेनना दाखवले. त्या म्हणाल्या, मुलीची भाषा फार चांगली आहे, अर्ज कसा लिहावा ते हिला कळतं.

मराठी अर्जही चांगले होते. शिरोरेखेशिवाय, पण विषय, संदर्भ, मागणी सगळं जागच्या जागी.

ऑगस्ट ते ऑक्टोबर ती पाच वेळा सुरगाण्याला आणि तिथून पुढे डांगात जाऊन आली होती. नाशिकच्या निमाणी बसस्थानकावरून पहाटेची एसटी धरायची. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण पुढच्या जीपला पूर्ण पैसे, आणि सीमेपलीकडे पुन्हा वेगळी जीप. एकदा आश्रमशाळेचे मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेलेले. एकदा शिक्का नव्हता. एकदा पावसाने फरशी पुलावरून पाणी जात होतं म्हणून गावातच अडकली. शनिवार-रविवारी कार्यालयं बंद, म्हणून गुरुवार-शुक्रवार.

ज्या मुलीला मी अबोल लिहिलं होतं, ती त्या तीन महिन्यांत तीन भाषांत दोन राज्यांतल्या निदान सहा टेबलांशी बोलली होती.

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तिचं उत्तर मी त्याच दिवशी शब्दशः लिहून ठेवलं : “तुम्ही विचारलं होतं, भाषेचं काही अडतंय का. ते नव्हतं अडत, म्हणून नाही म्हटलं.”

कुणबी आणि कोकणा

आता मूळ घोटाळा. तो समजून घेतल्याशिवाय या प्रकरणातलं काहीच कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर.

डांग भागात कोकणा समाजाला पूर्वापार कुणबीही म्हणत आले आहेत. गुजरातच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोकणा, कोकणी, कुकणा आहेतच, शिवाय ‘कुणबी (डांग जिल्ह्यातील)’ अशी वेगळी नोंद आहे. म्हणजे डांगातल्या शाळेच्या रजिस्टरात एखाद्या मुलीच्या नावापुढे ‘हिंदू कुणबी’ लिहिलं, तर तिथल्या मुख्याध्यापकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ आदिवासी असाच होतो. त्यात काही चूक नाही. आश्रमशाळेने तेच लिहिलं होतं.

हा दाखला घेऊन ती सीमेच्या अलीकडे आली. अकरावीला प्रवेश देताना जुन्या दाखल्यावरून नवीन रजिस्टर भरतात. भाषांतर झालं, ‘हिंदू कुणबी’. अक्षरशः बरोबर. पण महाराष्ट्रात कुणबी हे इतर मागास वर्गात येतात. बारावीनंतर तोच शब्द पुढच्या दाखल्यावर आला आणि जूनमध्ये आमच्या प्रवेशाच्या खिडकीवर पोचला. त्या वेळी तिचं जातीचं प्रमाणपत्र निघायचं होतं. वडिलांच्या कागदांवरून अर्ज केलेला होता, ‘अनुसूचित जमाती, कोकणा’ असं प्रमाणपत्र तिला ऑगस्टमध्ये मिळालं. जूनमध्ये हातात फक्त शाळा सोडल्याचा दाखला. आमच्या कार्यालयाने तो वाचला आणि जनरल रजिस्टरमध्ये प्रवर्ग ओबीसी लिहिला. फी त्याप्रमाणे घेतली. ती भरायला वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली, दिंडोरीच्या द्राक्षबागेत पुढच्या हंगामात काम करून फेडायची.

ऑगस्टमध्ये तिने शिष्यवृत्तीचा ऑनलाईन अर्ज भरला, जातीच्या प्रमाणपत्राप्रमाणे अनुसूचित जमाती म्हणून. असा अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनवर येतो. तिथे तो रजिस्टरशी ताडून पाहिला गेला आणि ‘प्रवर्ग जुळत नाही’ म्हणून परत गेला. आदिवासी मुलींच्या वसतिगृहासाठी बोनाफाईड लागतं. बोनाफाईडवरही ओबीसी. तिथेही अडलं. खिडकीवर तिला सांगितलं गेलं, “दाखला दुरुस्त करून आण.”

कुठला दाखला, ते कुणी सांगितलं नाही. ती आश्रमशाळेत गेली. ते म्हणाले, आमची नोंद बरोबर आहे, इथे कुणबी म्हणजे आदिवासीच. बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयात गेली. ते म्हणाले, आम्ही दहावीच्या दाखल्यावरून घेतलं, मूळ नोंद बदला मग बघू. पुन्हा आश्रमशाळा. भरीला नावाची भानगड. गुजरातच्या दाखल्यावर तिच्या नावापुढे ‘बेन’ आणि वडिलांच्या नावापुढे ‘भाई’ चिकटलेलं, आधारवर आणि बँकेत तसं नाही. कुणी म्हणालं राजपत्रात नाव बदलून घे. तीही चौकशी ती करून आली होती.

तोवर राहायला जागा म्हणजे पेठरोडला फुलेनगरात मावशीची खोली. मावशी आणि तिचा नवरा मार्केट यार्डात कामाला. एका खोलीत सहा माणसं. तिथून चालत मखमलाबाद नाका, रामवाडीचा पूल, अशोकस्तंभ असं करत ती कॉलेजला यायची. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत दोन महिने काढू असं ठरलं होतं.

भाऊसाहेबांचं टेबल

मी पिशवी घेऊन कार्यालयात गेले. तिथले भाऊसाहेब तीस वर्षांचे अनुभवी, मुलांशी नीट बोलणारे. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, दाखल्यावर जे असेल तेच आम्ही घेतो. आपल्या मनाने कसं लिहिणार?” यात दुष्टावा काहीच नव्हता. खरं तर याच सावधपणामुळे कितीतरी खोट्या नोंदी टळतात. खोट्या आदिवासी दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा गेल्या, हे महाराष्ट्राने वर्षानुवर्षं पाहिलं आहे. जात पडताळणीचा २००० चा कायदा त्यातूनच आला.

पण शाळा सोडल्याचा दाखला हा जातीचा अंतिम पुरावा नव्हे. सक्षम अधिकाऱ्याने दिलेलं जातीचं प्रमाणपत्र हातात असताना प्रवर्ग त्यावरून घ्यायचा असतो. कुटुंब ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून याच तालुक्यातलं. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या तारखेचा आहे आणि कुठल्या राज्याची यादी कुणाला लागू हे त्यावरून पाहतात. आजोबांची जुनी नोंदही कोकणा अशीच. म्हणजे तिच्या बाबतीत महाराष्ट्राची यादी लागू, आणि महाराष्ट्राच्या यादीत कोकणा अनुसूचित जमात आहे. दुरुस्ती करायची होती ती आमच्याच जनरल रजिस्टरमध्ये. त्यासाठी डांगात जायची गरज नव्हती. प्राचार्यांच्या नावे अर्ज, जातीच्या प्रमाणपत्राची प्रत, वडिलांचं स्वयंघोषणापत्र, एवढं पुरत होतं. परत पाठवलेला अर्ज आणि चुकीची नोंद ही दोन टेबलं एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर होती.

वडिलांची सही हवी होती. मी गावाकडे निरोप धाडला. दोन दिवसांनी ते स्वतःच फोनवर आले : “मॅडम, मी इथं दिंडोरीलाच आहे ना. छाटणी चालू आहे.” जो माणूस मला दोन महिने गावाकडे सापडत नव्हता, तो माझ्यापासून पंचवीस किलोमीटरवर ऑक्टोबर छाटणीच्या टोळीत होता, फोन चार्ज करायला जागा नव्हती म्हणून बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, मळ्यातल्याच कपड्यांत, छाटणीनंतर काड्यांना लावतात त्या पेस्टचे हाताला डाग. सही करून खुर्चीच्या कडेवर बसले. चहा घेतला नाही, टोळी थांबली आहे म्हणाले. जाताना मुलीला बोलीत काहीतरी सांगितलं. मामांनी मला नंतर अर्थ सांगितला : आता कुठं जाऊ नको, वर्गात बस.

नोंद दुरुस्त व्हायला दोन दिवस लागले. शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे गेला. वसतिगृहात रिक्त जागांच्या यादीत तिचं नाव डिसेंबरात लागलं. ‘बेन’ आणि ‘भाई’चा प्रश्न बँकेने आधारवरचं नाव धरून सोडवला, त्यासाठी राजपत्रापर्यंत जावं लागलं नाही.

हजेरीवरून विभागात वाद झाला. माझे एक सहकारी म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा हवा, हिला सवलत दिली तर उद्या दहा जण रांगेत. मला त्यांचा राग आला, पण म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी ठरलं की सवलत नको, भरपाई हवी. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज दुपारी तिने राहिलेली प्रात्यक्षिकं पूर्ण केली. मामा प्रयोगशाळा उघडून बसत. तिच्या जोडीला मालेगावची एक मुलगी येई. ती दहावीपर्यंत उर्दूत शिकलेली, उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सवय असलेली, आणि पहिल्या महिन्यात मराठी फॉर्म भरताना रडलेली. त्या दोघींची मैत्री कुणी लावून दिली नव्हती. मी नेमून दिलेल्या दोन मुली केव्हाच बाजूला झाल्या होत्या.

तरी पहिल्या सत्रात तिचे दोन विषय राहिले, दोन्ही रसायनशास्त्राचे. ज्या आठवड्यांत ते शिकवलं गेलं तेव्हा ती जीपमध्ये होती. एटीकेटीचा शिक्का गुणपत्रिकेवर कायम आहे, पुढे ते विषय सुटले तरी.

राहिलेलं

भाषेचा प्रश्न नव्हताच, असं मी म्हणणार नाही. वर्गातलं ते हसू खरं होतं. पण मी तो प्रश्न तिच्या जिभेत शोधला, आणि तो होता एका शब्दात, जो सीमेच्या एका बाजूला एक जमात सांगतो आणि दुसऱ्या बाजूला दुसराच समाज. बोलण्याच्या सरावाने तो सुटणार नव्हता. तिचं मराठी कितीही शुद्ध झालं असतं तरी रजिस्टरमध्ये ओबीसीच राहिलं असतं.

दुसऱ्या सत्रात मी माझ्या सगळ्या पंचवीस मुलांना एकेक करून वेगळा प्रश्न विचारला : तुझ्याकडे कुठले कागद आहेत, कुठले नाहीत, आणि कुठल्या टेबलावर काय अडलं आहे? आणखी दोघं निघाली. एक पेठकडचा, धरमपूरला शिकलेला. एक बागलाणातली, गुजरातचा दहावीचा दाखला असलेली. त्यांच्यापैकी कुणीही वर्गात गप्प नव्हतं, म्हणून माझं लक्ष गेलं नव्हतं. प्रवेशाच्या अर्जात आता एक ओळ वाढवली आहे : दहावी कुठल्या राज्याच्या मंडळातून? ज्याचं उत्तर महाराष्ट्राबाहेरचं असेल त्याला प्रवर्ग लिहिण्याआधी जातीच्या प्रमाणपत्राबद्दल विचारायचं आणि ते येईपर्यंत नोंद तात्पुरती ठेवायची. भाऊसाहेबांनीच तो मसुदा लिहिला.

तिच्या मूळ दाखल्यावर अजून ‘कुणबी’च आहे. पुढे बी.एड. किंवा सरकारी नोकरी म्हटलं की जात वैधता प्रमाणपत्र लागेल, आणि पडताळणी समितीसमोर हा दाखला पुन्हा निघेल. तेव्हा सांगता यावं म्हणून आश्रमशाळेकडून एक पत्र घेऊन ठेवलं आहे : आमच्या भागात कोकणा समाजाची नोंद कुणबी अशी होते. ते पत्र तिनेच गुजरातीत लिहून नेलं होतं, मुख्याध्यापकांनी वाचून सही-शिक्का दिला.

तिचा धाकटा भाऊ त्याच आश्रमशाळेत नववीत आहे. मार्चमध्ये वडिलांचा फोन आला. बाग संपत आली होती, मागे माल भरणाऱ्या गाडीचा आवाज येत होता. “मॅडम, पोराची नोंद आताच बदलून घेऊ का?” मी म्हटलं, घ्या, शाळा सोडायच्या आधी सोपं जातं, दहावीचा फॉर्म भरायच्या आत करा. त्यांनी विचारलं, अर्जात काय लिहायचं. मी सांगायला लागले, तर ते म्हणाले, थांबा, पोरीला देतो, ती लिहून घेईल. मग तिने फोन घेतला आणि विचारलं, वडिलांचं प्रमाणपत्र मूळ जोडायचं की साक्षांकित प्रत?